पीआरची फाइल चालू असताना नवऱ्याला भेटायला कॅनडाला जावं का?

शर्वरी_के

लग्नाला दहा महिने झाले. त्यातले एकत्र काढलेले दिवस मोजले तर १९. नवरा कॅनडाचा पीआर आहे, म्हणजे नागरिक नाही, पण तिथला कायमचा रहिवासी. मलाही पीआर मिळावा म्हणून मार्चमध्ये त्याने स्पॉन्सरशिपची फाइल टाकली, फॅमिली क्लास म्हणजे जवळच्या नातेवाइकांच्या गटातून, मी इकडेच असताना. एप्रिलमध्ये पोच आली, मग बायोमेट्रिक्स (बोटांचे ठसे आणि फोटो) झालं, मेडिकल झालं. तेव्हापासून रोज खातं उघडते, तेच वाक्य वाचते, बंद करते.

त्याची रजा संपलीये. शिवाय स्पॉन्सर करणारा पीआर असेल तर त्याने कॅनडातच राहायला हवं, नागरिकाला असते तशी मोकळीक त्याला नाही. म्हणजे इकडे येऊन महिनोन्महिने मुक्काम ठोकायची सोय नाही. जायचं तर मीच. ऑफिसातून ५ आठवड्यांची रजा मंजूर झालीये, तीही दोनदा साहेबांच्या केबिनबाहेर उभी राहून.

आता घोळ. माझ्या नणंदेचे यजमान म्हणतात, "व्हिजिटर व्हिसात नवऱ्याचं नाव काढूच नकोस, सरळ पर्यटन लिही. तिथं कायम राहायचा अर्ज केलायस कळलं की संपलं." सासूबाई जावयांच्या बाजूने. नवरा म्हणतो खरं तेच लिही. आणि व्हिसा नाकारला तर मूळ फाइलला धक्का लागतो का, हे कुणीच धड सांगत नाही.

वाटाड्या

नणंदेच्या यजमानांना साष्टांग नमस्कार सांगा, आणि सल्ला त्यांच्याकडेच ठेवायला सांगा.

तुमचं लग्न त्याच खात्याच्या फाइलीत नोंदलेलं आहे. लपवणार कुणापासून? खोटी माहिती दिल्याचं ठरलं तर ५ वर्षं प्रवेशबंदी, आणि तेवढ्या काळात पीआरचा अर्जही करता येत नाही. याउलट, खरं लिहून व्हिजिटर व्हिसा नाकारला गेला, तर तेवढ्यावरून स्पॉन्सरशिप नाकारत नाहीत. फक्त पुढच्या फॉर्मवर "पूर्वी कधी नकार मिळाला का" याला "हो" लिहायचं.

मनवा

शर्वरी, मी याच वाटेने गेलेय, आणि आधी ठेचही खाल्लीये.

पहिल्या वेळी एजंटाने माझा फॉर्म भरला. नवऱ्याचं नाव होतं, पण भेटीचं कारण "पर्यटन" आणि सोबत धबधब्याचा कार्यक्रम! महिन्याभरात नकार. कारण काय, तर भेटीचा उद्देश पटला नाही. मलाच पटला नसता.

दुसऱ्या वेळी एक पानाचं पत्र मी स्वतः लिहिलं. नवरा तिथे आहे, स्पॉन्सरशिप चालू आहे, हा फाइल नंबर, ही पोच, मला त्याला भेटायचंय आणि अमुक तारखेला परतायचंय. परत का येणार, तर ही नोकरी, हे रजेचं पत्र. आणि शेवटी, पहिला नकार कशामुळे आला तेही. कॅनडाच्या इमिग्रेशन कायद्याचं कलम २२(२) बघ. त्याला ते ड्युअल इंटेंट म्हणतात. पुढे कायमचं यायचा विचार असला म्हणून आत्ता तात्पुरतं येता येत नाही असं नाही, मात्र मुदत संपल्यावर परत जाशील हे अधिकाऱ्याला पटायला हवं. सगळा जोर या दुसऱ्या अर्ध्यावर दे. व्हिसा आला.

पण खरी परीक्षा विमानतळावर. माझ्याकडे दोन मोठ्या बॅगा. अधिकारी बाईंनी एक उघडली, तर वरच प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये डिग्रीची मूळ सर्टिफिकेटं, दहावीपासूनची. आईने घातली होती, "असू देत जवळ" म्हणून. बाई एकेक पान उलटत होत्या. मग शांतपणे विचारलं, "सहा आठवड्यांसाठी हे कशाला?" तोंडाला कोरड पडली. खरं तेच सांगितलं, आईने भरलीत. परतीचं तिकीट आणि रजेचं पत्र दाखवलं. वीस मिनिटं बसवून ठेवलं आणि सोडलं, पण पासपोर्टवर परतीची तारीख हाताने लिहून.

शर्वरी_के

मनवाताई, वाचताना माझ्याच पोटात गोळा आला. माझीही आई काल विचारत होती, सर्टिफिकेटं घेतलीस का!

दोन शंका. बायोमेट्रिक्स पुन्हा द्यावं लागेल? आणि समजा तिथे गेल्यावर निघवलंच नाही तर?

वाटाड्या

पीआरच्या चालू अर्जासाठी दिलंय ना, मग व्हिजिटरसाठी पुन्हा नको. १०० डॉलर व्हिसाचे भरा, बायोमेट्रिक्सचे ८५ वाचले.

शिक्क्यावर वेगळी तारीख नसेल तर सहसा ६ महिने राहता येतं. वाढवायचं तर मुदत संपायच्या आत अर्ज करायचा, निकाल लागेपर्यंतचा मुक्काम कायदेशीर धरतात. पण पत्रात ५ आठवडे लिहून मनात ६ महिने ठेवून जाऊ नका. तिथे कुणी "बाहेरची फाइल मागे घे, इनलँड टाक", म्हणजे कॅनडात राहूनच नवा अर्ज कर, असं म्हणालं तर दहादा विचार करा. बाहेरच्या फाइलला नकार आला तर स्पॉन्सरला अपील करता येतं, इनलँडला ती सोय नाही. आणि आरोग्य विमा इकडूनच काढून जा, व्हिजिटरला तिथला सरकारी सहसा मिळत नाही.

मनवा

निघवत नाही हे खरंच. मी परतीच्या दिवशी टॅक्सीत बसेपर्यंत भांडत होते त्याच्याशी, कशावरून ते आठवत नाही. पण वेळेत परतले. सात महिन्यांनी पीआर घेऊन गेले तेव्हा त्या हाताने लिहिलेल्या तारखेबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

शर्वरी_के

काल रात्री अर्ज टाकला. कारण: नवऱ्याला भेटणे. त्याचं आमंत्रणपत्र जोडलंय, त्यात "माझी पत्नी" हे शब्द नऊ वेळा आलेत. चार कमी कर म्हटलं तर ऐकेना. सर्टिफिकेटं आईच्या कपाटात ठेवून किल्ली माझ्याकडे घेतलीये.