चैनीवर जबर कर हवा, पण कुठल्या चैनीवर?

मोपेचा शेजारी :
22 सप्टेंबर 2025 पासून जीएसटीत 40 टक्क्यांचा टप्पा आला. मोठ्या गाड्या, हौसेच्या यॉट, कॅसिनो हे सगळं त्यात बसलं. ओळखीतले बरेच जण खूश झाले. मला मात्र वाटतं, आपण भलत्याच चैनीला धरलं. आमच्या गोव्यातल्या पेडण्यात 2023 च्या जानेवारीत मोपाच्या नव्या विमानतळावरून विमानं सुटू लागली आणि त्याच्या आगेमागे भाटं, म्हणजे बागायती, विकली गेली. काजू होते तिथे आता तरणतलाव असलेले व्हिला आहेत, वर्षातून वीस-पंचवीस दिवस उघडे. मे महिन्यात आमच्या वाड्यावर नळ दिवसाआड येतो तेव्हाही त्या फाटकातून टँकर आत जातो. असा तयार व्हिला घेतला तर जीएसटी शून्य, मुद्रांक आणि नोंदणी शुल्क तेवढं. सोन्याचे गोफ हवे तितके घडवता येतात, चार हातांना काम मिळतं. पेडण्यात जमीन घडवता येत नाही, एकाने घेतली की दुसऱ्याची गेली. माझ्या मते घडवलेल्या चैनीवर कर हलका असावा आणि अडवलेल्या चैनीवर जबर.

शेटाची नात :
सरकार एकदा चैन ठरवायला बसलं की काय होतं ते आमच्या घराने भोगलंय. आजोबा बेळगावात सोनार. 1963 साली, चीनच्या युद्धानंतर, तेव्हाचे अर्थमंत्री मोरारजी देसाईंच्या सुवर्ण नियंत्रणाने 14 कॅरेटच्या वरचे नवे दागिने घडवायला बंदी घातली. परकीय चलन वाचवायचं होतं. लोकांची सोन्याची हौस गेली नाही, चोरटा व्यापार फोफावला. ज्याच्याकडे फक्त फुंकणी आणि हातोडी होती तो मात्र बसला. आजोबांनी किराणा दुकानात हिशेब लिहिला. 14 कॅरेटची अट 1966 मध्ये गेली, पण 1968 चा सुवर्ण नियंत्रण कायदा रद्द व्हायला 1990 उजाडलं. तोवर बाबा त्या धंद्यात गेलेच नाहीत. आज तुम्ही व्हिला म्हणता, उद्या दुसरा कोणी गोफ म्हणेल.

फोंड्याची मास्तरीण :
ताई, बंदी वेगळी आणि कर वेगळा. सोन्यावर आज 3 टक्के जीएसटी आहे, त्याने कुठला सोनार मेला? आणि मोपेकर, तुमची 'घडवलेली चैन' इतकी निर्मळ नसते. 2024 मध्ये मिलानच्या न्यायालयाने डिओर या महागड्या फॅशन कंपनीच्या इटलीतल्या उत्पादन कंपनीवर देखरेख नेमली. कंत्राटदाराकडून साधारण 53 युरोला घेतलेली पर्स दुकानात 2,600 युरोला विकली जात होती आणि ती शिवणारे कारखान्यातच झोपत होते. व्हेब्लेन या अर्थशास्त्रज्ञाने 1899 मध्येच लिहून ठेवलंय की अशी वस्तू तिच्या महागपणासाठीच घेतली जाते. मग कर लावून ती आणखी महाग झाली तर घेणाऱ्याचं काय बिघडलं? माझ्या वर्गातल्या मुलींच्या घरी लग्नासाठी कर्ज काढतात, कारण शेजारच्या लग्नात हॉल मोठा होता. ही स्पर्धा गरिबापर्यंत झिरपते, त्याची मला काळजी वाटते. कर सगळ्याच चैनीवर हवा.

होडीवाला फिटर :
घेणाऱ्याचं बिघडत नाही बाई, आमचं बिघडतं. मी फायबरच्या बोटी बांधतो. अमेरिकेने 1991 पासून एक लाख डॉलरच्या वरच्या बोटींवर 10 टक्के कर लावला. वरच्या रकमेवरच होता, तरी श्रीमंतांनी बोट घेणं पुढे ढकललं आणि बोटींच्या यार्डातले कामगार घरी बसले. 1993 मध्ये तो कर मागे घ्यावा लागला. इथे तर 40 टक्के.

फोंड्याची मास्तरीण :
तेव्हा तिथे मंदीही होती, सगळं खापर करावर फोडू नका. पण तुमच्या पोटाचा प्रश्न मी हलका मानत नाही.

मोपेचा शेजारी :
फिटरबाब, तुमचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. बोट घडते म्हणून करामुळे काम बुडालं. जमिनीवर कर लावल्याने जमीन कमी होत नाही. बंद घरावर दरवर्षी घरपट्टी चढती ठेवा, एवढंच मागतोय. राहत्या घराला हात लावायचा नाही. शेटाच्या नातीला माझं उत्तर हेच.

माळी :
मी त्याच फाटकाच्या आतला. तीन वर्षं एका व्हिलात कामाला आहे. भाट होतं तेव्हा आम्हाला काजूच्या हंगामापुरती मजुरी मिळायची, पुढे पावसात घरी. आता बारा महिने पगार, पहिल्या तारखेला. चढती घरपट्टी लावलीत आणि मालकाने घर विकलं तर तुम्ही मला काम देणार का?

मोपेचा शेजारी :
नाही देऊ शकत, ते खरं आहे. तुमच्या पगारावर माझा राग नाही. पण एक विचारतो, मुलाला घर बांधायला गावात जागा बघितलीत का?

माळी :
बघितली. दोनशे चौरस मीटरचा तुकडा विचारायला गेलो होतो, दर ऐकून परत आलो. त्याला सांगितलंय, हद्दीपलीकडे महाराष्ट्रात दोडामार्गला बघ. नोकरी मात्र सोडणार नाही.