आईसाठी पुण्यात नवीन फॅमिली डॉक्टर कसा शोधायचा? अपॉइंटमेंटचा फार वैताग आलाय

कोथरूडची_लेक:
नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितेय, सांभाळून घ्या. आई ७४ वर्षांची, बीपी आणि शुगर दोन्ही आहे, कोथरूडला एकटी राहते आणि मी ठाण्याला. तीस वर्षं आमचे एकच डॉक्टर होते, दवाखाना घरापासून चार मिनिटांवर, अपॉइंटमेंट वगैरे भानगडच नव्हती, सकाळी जाऊन कंपाउंडर काकांकडे नंबर लावायचा, घरी येऊन कुकर लावायचा आणि मग निवांत जायचं. गेल्या दिवाळीत त्यांनी दवाखाना बंद केला, वय झालं त्यांचंही.

तेव्हापासून आई शुगरसाठी एकीकडे, चक्कर येते म्हणून दुसरीकडे. मागच्या महिन्यात अ‍ॅपवरून साडेअकराची वेळ घेतली, पैसे आधीच भरले, तिथं गेल्यावर कळलं की साडेअकरालाच आणखी पाच जणांना बोलावलंय. आत गेली पावणेदोनला. सकाळी शुगरची गोळी घेऊन, एक पोळी खाऊन निघालेली, एकच्या सुमारास तिला दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले. शेजारच्या बाईंनी पर्समधली लिमलेटची गोळी दिली म्हणून निभावलं. काउंटरवर सांगितलं तर म्हणे, "आजी, आता तीनच पेशंट आहेत."

आणि पुढचं ऐका. आत चार मिनिटं बघून बीपी वाढलंय म्हणून नवीन गोळी दिली. मी शनिवारी गेले तर आई बाथरूमला भिंत धरून चालत होती. सगळ्या स्ट्रिप्स टेबलावर मांडल्या, जुनीचं नाव वेगळं, नवीचं वेगळं, पण खाली बारीक अक्षरात दोन्हीवर टेल्मिसार्टन ४०, म्हणजे बीपीचं एकच औषध! नऊ दिवस दोन्ही घेत होती. फाईल घेऊन गेली होती हो ती, कुणी उघडलीच नाही. तिथं फोन केला तर अपॉइंटमेंट घ्या म्हणाले. शेवटी जुन्या डॉक्टरांना घरी फोन लावला, त्यांनी एक बंद करायला लावली आणि रोज दोन वेळा बीपी मोजून लिहून ठेवायला सांगितलं.

मला मोठा स्पेशालिस्ट नकोय, आईला ओळखणारा एक माणूस हवाय. कसा शोधू?

माईची_सई:
वाचून पोटात गोळा आला. माझे बाबा साताऱ्याला जनरल प्रॅक्टिस करायचे, त्यामुळे दुसरी बाजू लहानपणापासून बघितलीय. प्रत्येक घराचं एक कार्ड असायचं, आजोबांना दमा, सुनेला पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी, सगळं एका जागी. नवीन पेशंट आला की आधी "घेता त्या सगळ्या गोळ्या आणा, डब्यासकट" म्हणायचे. आता एमबीबीएसवर थांबतो कोण, सगळे पुढे एमडी करतात, आणि आपणही डोकं दुखलं की थेट न्यूरोकडे धावतो, मग गल्लीतला दवाखाना टिकणार कसा.

शोधायचं म्हणाल तर आईच्या बिल्डिंगखालच्या मेडिकलवाल्याला विचारा, स्टार रेटिंग बघत बसू नका. कोण मोजकी औषधं लिहितं, कुणाचे पेशंट वर्षानुवर्षं तेच आहेत हे त्याला पक्कं ठाऊक असतं. दोन-तीन नावं मिळाली की आई बरी असतानाच नुसती ओळख करून द्यायला घेऊन जा, शक्यतो संध्याकाळी दवाखाना उघडताना, सोमवार टाळा. फाईल उघडतात का बघा, आणि ते गावाला गेले तर मागे कोण बघतं ते विचारा. जुन्या डॉक्टरांकडून कागद जरूर घ्या, मागितल्यावर ७२ तासांत रेकॉर्ड द्यायचं हा मेडिकल कौन्सिलचा २००२ पासूनचा नियम आहे.

पेठेतला_नाना:
अ‍ॅपला सरसकट नावं ठेवू नका असं मला वाटतं. नंबर सिस्टीममध्ये मी वडिलांना घेऊन तीन-तीन तास जिन्यात उभा राहिलोय, मधूनच एमआर (औषध कंपन्यांचे प्रतिनिधी) आत, मधूनच ओळखीचे आत. एकाच वेळेला सहा जण बोलावणं हा घोळ माणसांचा आहे. मी आता निघायच्या आधी फोन करून "कितवा नंबर चालू आहे" एवढंच विचारतो, बहुतेक ठिकाणी सांगतात. आणि शुगरवाल्यांनी डबा न्यायचाच, लाज बाळगायची नाही.

नुसतं प्रिस्क्रिप्शन पुढे चालू ठेवायचं असेल तर व्हिडिओ कॉलचं विचारा. मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन नियमावलीप्रमाणे त्याच डॉक्टरांनी त्याच तक्रारीसाठी सहा महिन्यांत तपासलेलं असेल तर चालू औषधं तशी लिहून देता येतात. दर वेळी आजींना रिक्षात घालायची गरज नाही.

लेस्टरची_अनु:
इकडे इंग्लंडमध्ये राहत्या पत्त्याप्रमाणे जवळच्या जीपीकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे नाव नोंदवायचं, भेटीची फी नाही. पण आमच्या सर्जरीत (इकडे दवाखान्यालाच सर्जरी म्हणतात) सकाळी ८ ला लाईन उघडते आणि ८ वाजून १ मिनिटाने फोन लावला तरी मी रांगेत तेविसावी, तान्हं लेकरू कडेवर आणि फोन स्पीकरवर, कितीदा रडकुंडीला आलेय. हल्ली ऑनलाईन फॉर्म भरता येतो, त्याने थोडं बरं झालंय. दर वेळी वेगळाच डॉक्टर असतो, तरी सगळी औषधं त्यांच्या स्क्रीनवर दिसतात, त्यामुळे तुमच्या आईसारखी डबल गोळी पटकन लक्षात येते. आपल्याकडे ते रेकॉर्ड आपल्यालाच बनवावं लागतं. मी सासूबाईंसाठी एका जाड कागदावर गोळीचं मूळ नाव, मिलिग्रॅम आणि वेळ मोठ्या अक्षरात लिहून प्लॅस्टिकमध्ये घालून दिलंय, डॉक्टरांसमोर बसल्या बसल्या आधी तोच टेबलावर ठेवायचा.

कोथरूडची_लेक:
सगळ्यांचे मनापासून आभार. सई, काल मेडिकलवाल्या दादांना विचारलं, त्यांनी एक सेकंद न थांबता मागच्या गल्लीतल्या एका बाईंचं नाव सांगितलं, आम्हाला त्यांचा बोर्डसुद्धा कधी दिसला नव्हता. संध्याकाळी साडेपाचला गेलो, आधी दोनच जण होते. अनुने सांगितला तसा कागद आईने पुढे केला, त्यांनी चष्मा लावून सगळा वाचला, मग आईला विचारलं, "सकाळी उठल्यावर चक्कर येते की उभं राहिल्यावर?" हे गेल्या सहा महिन्यांत तिला कुणीच विचारलं नव्हतं. बसवून आणि उभं करून, दोन्ही बीपी घेतली. पुढच्या गुरुवारी बोलावलंय, बीपीची वही घेऊन.