विमानातील अँटेनाचा सिग्नल कोअ‍ॅक्सऐवजी फायबरवरून नेण्यात नेमका फायदा कोणता?

प्रश्न (ऐरोलीची विद्यार्थिनी)
मी इलेक्ट्रॉनिक्स अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला असून आमच्या गटाने विमानातील रेडिओ सिग्नल कोअ‍ॅक्सऐवजी (धातूच्या जाळीने वेढलेल्या तांब्याच्या केबलऐवजी) ऑप्टिकल फायबरवरून, म्हणजे काचेच्या तंतूतून प्रकाशाच्या रूपात, नेण्याचा विषय प्रकल्पासाठी घेतला आहे. १५५० नॅनोमीटर तरंगलांबीला फायबरमधील घट किलोमीटरमागे सुमारे ०.२ डेसिबल (सिग्नल किती कमी-जास्त झाला ते सांगणारे एकक) असते, हे आम्ही शिकलो आहोत. परंतु एअरबस ए-३२० ची लांबीच ३७.५७ मीटर आहे. एवढ्याशा अंतरासाठी फायबर कशाला, असे मार्गदर्शकांनी विचारले तेव्हा मला उत्तर देता आले नाही. कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १ (महापे, ऑप्टिकल उपकरणांच्या चाचणीचे काम)
मार्गदर्शकांचा प्रश्न रास्त आहे, कारण विमानात फायबर निवडण्यामागे किलोमीटरमागची घट हा मुद्दाच नसतो. लेझर (रेडिओ सिग्नलचा प्रकाश करणारा) आणि फोटोडायोड (प्रकाशाचा पुन्हा विद्युत सिग्नल करणारा) यांच्या साध्या जोडणीत, अ‍ॅम्प्लिफायर नसेल तर, रेडिओ सिग्नल २० ते ३० डेसिबलने क्षीण होतो आणि जोडणीचे नॉइज फिगरही (जोडणी स्वतः किती गोंगाट मिसळते त्याचे माप) ३० डेसिबलच्या आसपास जाते. त्यामुळे ११८ ते १३७ मेगाहर्ट्झवरील व्हीएचएफ संभाषणासाठी माझ्या मते कोअ‍ॅक्सच योग्य आहे.

वारंवारिता वाढली की हिशेब बदलतो. स्किन इफेक्टमुळे (उच्च वारंवारितेचा प्रवाह तारेच्या पृष्ठभागालगतच वाहत असल्यामुळे) कोअ‍ॅक्समधील घट साधारणपणे वारंवारितेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते, म्हणून १.५ गिगाहर्ट्झला ४ डेसिबल खाणारी केबल १५ गिगाहर्ट्झला १२ डेसिबलहून अधिक खाते. ती घट टाळण्यासाठी जाड केबल घ्यावी तर वजन वाढते आणि वळणेही अवघड होतात. शिवाय काचेचा तंतू शेजारच्या तारांमधील विद्युतचुंबकीय गोंधळ उचलत नाही.

नॉइज फिगरसाठी अँटेनापाशीच लो-नॉइज अ‍ॅम्प्लिफायर बसवावा. त्याचे नॉइज फिगर १.५ डेसिबल, लाभ (सिग्नल किती वाढवला जातो ते माप) ३० डेसिबल आणि फायबर जोडणीचे नॉइज फिगर ३० डेसिबल धरल्यास एकूण आकडा सुमारे ३.८ डेसिबल येतो. लाभ ४० केला तर तो १.८ पर्यंत उतरतो. मात्र लाभ वाढवत गेल्यास त्याच विमानातील प्रेषकांच्या जोरदार सिग्नलमुळे लेझर अरेषीय होतो, म्हणजे सिग्नल विकृत करतो, म्हणून अ‍ॅम्प्लिफायरच्या आधी फिल्टर हवाच.

उत्तर २ (ठाणे, निवृत्त एव्हिऑनिक्स तंत्रज्ञ)
वरील उत्तराला एक जोड देतो. फायबर कोसळणाऱ्या विजेपासून सुरक्षित आहे असे सरसकट लिहू नका, कारण अँटेनापाशी लेझर आणि अ‍ॅम्प्लिफायर ठेवले की त्यांना वीजपुरवठा लागतो आणि तांब्याची तार पुन्हा तिथपर्यंत जातेच. लेझर उपकरण-कक्षात ठेवून अँटेनापाशी फक्त मॉड्युलेटर (आलेल्या प्रकाशावर रेडिओ सिग्नल चढवणारा भाग) बसवणे हा एक मार्ग आहे, पण त्यासाठी प्रकाशाची ध्रुवीकरण-दिशा टिकवणारे महागडे फायबर लागते.

प्रेषणाच्या बाजूला फोटोडायोडकडून मिलिवॅटच्या पातळीचाच सिग्नल मिळतो. त्यामुळे पॉवर अ‍ॅम्प्लिफायर अँटेनाच्या शेजारीच हवा. एफ/ए-१८ई/एफ विमानामागे ओढल्या जाणाऱ्या एएलई-५५ या फसव्या लक्ष्यातही (शत्रूच्या क्षेपणास्त्राला चकवणाऱ्या उपकरणातही) सिग्नल विमानातून फायबरने येतो आणि त्याचे प्रवर्धन लक्ष्यातच होते.

उत्तर ३ (घणसोली, फायबर स्प्लाइसिंगचे काम)
मी विमानात काम केलेले नाही, मात्र मोठ्या इमारतींत मोबाइल सिग्नल फायबरवरून पोहोचवणाऱ्या यंत्रणा सांभाळतो. सिंगलमोड फायबरचा (प्रकाशाला एकाच मार्गाने नेणाऱ्या फायबरचा) गाभा जेमतेम ९ मायक्रॉनचा असल्यामुळे कनेक्टरवर धुळीचा एक कण बसला तरी घट वाढते. फोटोडायोडचा प्रवाह प्रकाशशक्तीच्या प्रमाणात आणि विद्युतशक्ती प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलत असल्याने प्रकाशातील १ डेसिबलची घट रेडिओ सिग्नलमध्ये २ डेसिबल होऊन दिसते. विमानातील कंपने आणि तापमानातील चढउतार पाहता आपल्या प्रकल्पात कनेक्टरला स्वतंत्र प्रकरण द्यावे, असे मी मनापासून सुचवतो.

प्रश्नकर्ती
आपणा सर्वांची मी ऋणी आहे. आता आम्ही जीपीएसच्या १५७५.४२ मेगाहर्ट्झवर ४० मीटर कोअ‍ॅक्स आणि तेवढेच फायबर यांची तुलना करू. फायबरचे मापन आधी अ‍ॅम्प्लिफायरविना, मग अ‍ॅम्प्लिफायरसह आणि शेवटी कनेक्टर मुद्दाम न पुसता घेणार आहोत.