छायाचित्रात मधमाशी धूसर येते आणि जास्वंदीचा लाल रंग सपाट पडतो. चूक कोठे होत असावी?

परसबाग
गेल्या पावसाळ्यापासून मी घरामागच्या बागेतील फुलांची व कीटकांची छायाचित्रे काढत आहे. कॅमेरा क्रॉप (म्हणजे लहान) सेन्सरचा आणि मॅक्रो (अगदी जवळून टिपणारी) लेन्स १०० मिमीची आहे. मधमाशीच्या अगदी जवळ गेल्यावर तिचा डोळा स्पष्ट आला तर पंख धूसर होतात, आणि अ‍ॅपर्चर (लेन्समधील प्रकाश येण्याचे छिद्र) एफ १६पर्यंत लहान केले तर शटर इतके मंदावते की वाऱ्यावर डुलणारे फूलच हललेले येते. ट्रायपॉड वापरूनही फरक पडला नाही. शिवाय जास्वंदीच्या पाकळ्यांवरील शिरा उमटतच नाहीत. कृपया मार्गदर्शन करावे.

भृंग
ट्रायपॉडमुळे कॅमेरा स्थिर राहतो. फूल डुलायचे ते डुलतेच. १:१ आकारात (सेन्सरवरील प्रतिमा वस्तूएवढीच असताना) क्रॉप सेन्सरवर एफ ११ला जेमतेम एक मिलिमीटर खोली स्पष्ट येते, त्यामुळे संपूर्ण मधमाशी एका छायाचित्रात मिळण्याची अपेक्षा सोडावी आणि थोडे मागे सरकून नंतर चौकट कापावी. अ‍ॅपर्चर आणखी लहान करण्यात लाभ नाही, कारण इतक्या जवळून ते प्रत्यक्षात जवळजवळ दुप्पट आकड्याप्रमाणे वागते आणि विवर्तनामुळे (लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे) सगळेच चित्र मऊ पडते. माझा उपाय फ्लॅशचा आहे. शटर १/२००, अ‍ॅपर्चर एफ ११, आयएसओ (सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता) १०० ठेवल्यास सावलीत बहुतेक सगळा प्रकाश फ्लॅशचाच असतो, आणि कमी शक्तीवर तो सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी काळ चमकत असल्याने हालचाल गोठते. मात्र फ्लॅशपुढे पांढरा, मोठा डिफ्यूझर (प्रकाश पसरवणारा पडदा) कीटकाच्या शक्य तितका जवळ असावा. नाहीतर भुंग्याच्या चकचकीत पाठीवर पांढरा ठिपका उमटतो.

टाचणी
फ्लॅशबद्दल माझे मत थोडे वेगळे आहे. मागची पाने दूर असली की पार्श्वभूमी काळीकुट्ट होते आणि भर सकाळचे छायाचित्र मध्यरात्रीचे वाटते. मी सूर्योदयानंतरचा पहिला तास पसंत करते, कारण तेव्हा वारा बहुधा पडलेला असतो. उष्ण प्रदेशात रात्रही उबदार असल्याने कीटक फार वेळ सुस्त राहत नाहीत, हे खरे. म्हणून त्यांच्या सवयी ओळखणे अधिक उपयोगी पडते. चतुर उडाला तरी पुष्कळदा त्याच काडीवर परततो, तेव्हा त्याचा पाठलाग न करता त्या काडीवर फोकस साधून थांबावे. उड्या मारणारा कोळी (तो कीटक नव्हे, हे मान्य) तर स्वतःच वळून लेन्सकडे पाहतो. कीटक फ्रिजमध्ये ठेवून सुस्त करण्याचा सल्ला काही जण देतात. तो कृपया पाळू नये.

पाकळी
जास्वंदीबद्दल कोणी लिहिले नाही, म्हणून लिहितो. कॅमेऱ्याचा प्रकाशमापक एकूण उजेड मोजतो, पण अशा फुलात लाल चॅनेल (लाल रंगाची नोंद) हिरव्या व निळ्या या इतर दोहोंच्या कितीतरी आधी भरून जातो आणि तेथील तपशील कायमचा हरवतो. पांढरा हिस्टोग्राम (एकूण उजेडाचा आलेख) निर्दोष दिसत असला तरी तिन्ही रंगांचे हिस्टोग्राम वेगवेगळे पाहावेत, एक्स्पोजर २/३ ते १ स्टॉप (एक स्टॉप कमी म्हणजे निम्मा प्रकाश) कमी करावे आणि रॉ (सेन्सरची मूळ, प्रक्रिया न केलेली नोंद) स्वरूपात साठवावे. फूल सावलीत असेल किंवा प्रकाश मागून पाकळीतून झिरपत असेल, तर शिरा आपोआप उठून दिसतात.

परसबाग
एक स्टॉप कमी केल्यावर शिरा दिसल्या! आता दुसरी शंका: वातानुकूलित खोलीतून बाहेर आल्यावर लेन्सवर बाष्प साचते. ते पुसावे का?

भृंग
पुसू नये, पुन्हा साचेल. बाहेर जाण्यापूर्वी कॅमेरा हवाबंद पिशवीत घालून बाहेरच्या तापमानाला येईपर्यंत, साधारण अर्धा तास, तसाच ठेवावा. दमट हवेत लेन्सच्या आत बुरशी धरते, म्हणून एरवी ती सिलिका जेलसह हवाबंद डब्यात असावी, आणि निळे दाणे गुलाबी झाले की ते गरम करून कोरडे करावेत.