केनिया: काउंटीच्या बजेटमध्ये मुलींची मागणी नेमकी कुठे अडते?

(चर्चा. प्रत्येक भागाच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

किनारा

किसुमू काउंटीतल्या (काउंटी म्हणजे स्वतःचं सरकार असलेला जिल्हा) एका वॉर्डात १८ ते ३५ वयाच्या मुलींचा गट आहे. मी केनियाबाहेरचा, त्यांना मदत करतो. मागणी साधी आहे: वॉर्डाच्या बाजारात सौरदिवे आणि बायकांसाठी वेगळं स्वच्छतागृह. वाळवलेली ओमेना (छोटी मासळी), टोमॅटो, सुकुमा (पालेभाजी) विकायला बसतात त्या बहुतेक बायकाच. खरी विक्री लोक कामावरून परतताना होते आणि तिथे बारा महिने सातच्या सुमारास अंधार पडतो. मग हनुवटीखाली मोबाईलचा टॉर्च धरून सुट्टे मोजायचे.

सलग दोन वर्षं मुली मे महिन्यातल्या जनसुनावणीला गेल्या. बोलल्या, हजेरीपटावर सह्याही केल्या. बजेट आलं तेव्हा त्यात दिवेही नव्हते आणि स्वच्छतागृहही नव्हतं. २०१० च्या राज्यघटनेत लोकसहभाग आहे, तरुणांसाठी स्वतंत्र कलम आहे, सभागृहांतल्या बायका-पुरुषांच्या प्रमाणाचा दोन-तृतीयांशचा नियमही आहे. तरी हे अडतं कुठे? यंदा वेगळं काय करायचं? प्रक्रिया माहीत असणाऱ्यांनी कृपया तपशिलात लिहा.

जमाखर्च

मे महिन्यात जाता, तिथेच अडतं. तोवर पैशांच्या वाटण्या झालेल्या असतात.

केनियाचं आर्थिक वर्ष १ जुलै ते ३० जून. काउंटीची वार्षिक विकास योजना आदल्या १ सप्टेंबरपर्यंत असेंब्लीत, म्हणजे काउंटीच्या सभागृहात, जाते. फिस्कल स्ट्रॅटेजी पेपर (खर्चाचं धोरण मांडणारा दस्तऐवज) २८ फेब्रुवारीपर्यंत आणि बजेटचे अंदाज ३० एप्रिलपर्यंत. ३० जूनच्या आत मंजुरी. लोकांना बोलावतात ते बहुधा अंदाज आल्यावर, म्हणजे मे महिन्यात. पण कुठल्या खात्याला जास्तीत जास्त किती, ही कमाल मर्यादा फेब्रुवारीच्या पेपरमध्येच ठरते. २०१५ च्या वित्त व्यवस्थापन नियमांप्रमाणे असेंब्लीला त्यानंतर एखाद्या खात्याच्या तरतुदीत त्या मर्यादेच्या १ टक्क्यापेक्षा जास्त वाढ किंवा कपात करता येत नाही.

हिशोब करून बघा. समजा एखाद्या खात्याची मर्यादा २० कोटी शिलिंग आहे. मे महिन्यात असेंब्लीच्या हातात उरतात २० लाख. किसुमूत वॉर्ड ३५. त्या २० लाखांवर सगळ्यांचा डोळा. त्यातही एका बाबीत वाढ करायची तर तेवढीच रक्कम दुसरीकडून काढावी लागते. मुलींचं म्हणणं कुणी ऐकलं नाही असं म्हणता येणार नाही. ऐकणाऱ्याकडे द्यायला फारसं उरलेलंच नव्हतं.

म्हणून यंदा कामाची सुरुवात जुलैत करा. आधी काउंटीचा पंचवार्षिक आराखडा काढा, सध्याचा २०२३ ते २०२७ चा आहे. मागच्या परिशिष्टांत वॉर्डवार प्रकल्पांची यादी असते, त्यात तुमचा बाजार आहे का ते बघा. असला तर मागणीची भाषाच बदलते. "आम्हाला द्या" म्हणण्याऐवजी "तुम्ही कबूल केलेलं या वर्षी घ्या" असं म्हणता येतं. नसला तर वार्षिक योजनेत घालून घेण्यासाठी ऑगस्टच्या आत संबंधित खात्याला लेखी द्या. ऑगस्ट २०२७ च्या निवडणुकीनंतर नवा आराखडा बनेल. तेव्हा जे त्यात शिरेल ते पुढची पाच वर्षं मागता येतं, त्यामुळे ती संधी सोडू नका.

फेब्रुवारीचा पेपर असेंब्लीत गेला की १४ दिवसांत त्यावर निर्णय व्हायचा असतो. एवढ्या वेळात वाचून निवेदन लिहिणं होत नाही. मसुदा जानेवारीतच तयार हवा.

आणखी एक. दिवे आणि स्वच्छतागृह यांचं एकत्र निवेदन देऊ नका. दोन्ही कामं काउंटीच्याच अखत्यारीत आहेत, पण बहुतेक ठिकाणी खाती वेगळी असतात. एकत्र दिलं की हे खातं त्याच्याकडे बोट दाखवतं आणि ते याच्याकडे. निवेदनं दोन करा, प्रत्येक एका पानाचं.

किनारा

१ टक्क्याचं अजिबात माहीत नव्हतं, मनापासून आभार. त्या एका पानावर काय काय असावं? मुलींनी आजवर दिलेली निवेदनं "महिलांच्या सुरक्षेसाठी योग्य ती पावलं उचलावीत" अशा धर्तीची आहेत.

जमाखर्च

त्या वाक्यावर समितीला काही करताच येत नाही. सदस्यांपुढे आकड्यांचे तक्ते असतात, निवेदनही तक्त्यात बसेल असं हवं. साधारण असं (क्लार्क म्हणजे असेंब्लीचा सचिव):

"प्रति, क्लार्क, काउंटी असेंब्ली. विषय: बजेट अंदाज, पान अमुक, कार्यक्रम अमुक. सध्याची तरतूद: अमुक वॉर्डासाठी शून्य. मागणी: अमुक बाजारात ६ सौरदिवे, रक्कम इतकी. ही रक्कम पान अमुकवरच्या प्रवास व आतिथ्य या बाबीतून वळवावी. कारण: बाजाराच्या दिवशी संध्याकाळी ७ वाजता मोजलेली दुकानं इतकी, पैकी बायकांची इतकी, सध्या चालू असलेले दिवे इतके."

मोजणी मुलींनी स्वतः करावी. लागोपाठ चार बाजारांच्या दिवशी, एकाच वेळेला, वहीत तारीख घालून. दिव्याची किंमत अंदाजाने लिहू नका. त्याच काउंटीने दुसऱ्या वॉर्डात बसवलेल्या दिव्यांची रक्कम जुन्या बजेटात सापडते, ती घ्या. समितीला स्वतःच्याच काउंटीचा आकडा नाकारणं अवघड जातं.

पैसे कुठून काढायचे ते सांगितलंच पाहिजे. बहुतेक निवेदनं इथेच बाद होतात. मात्र पगाराच्या बाबीकडे बोट दाखवू नका, तिथून काही सुटत नाही.

दोन प्रती न्या. एकीवर क्लार्कच्या कार्यालयाचा शिक्का आणि तारीख घेऊन ती जपून ठेवा. हजेरीपटावरची सही म्हणजे तुम्ही आलात एवढाच पुरावा. काय मागितलंत ते शिक्क्याच्या प्रतीवरूनच सिद्ध होतं.

पूर्वाई

वरचं सगळं बरोबर आहे, पण मुली बोलल्या याचा अर्थ त्यांचं म्हणणं नोंदलं गेलं असा नाही. बराझाची, म्हणजे गावसभेची, रीत बघा. सकाळी दहाची वेळ दिलेली, सुरुवात बाराला. आधी अधिकारी, मग वडीलधारी पुरुष, मग तरुण मुलगे. बायकांची पाळी येते तेव्हा अर्ध्याजणी पाण्यासाठी किंवा पोरांसाठी उठून गेलेल्या असतात. उरलेल्यांपैकी कुणी बोललीच तर इतिवृत्तात "महिलांनी सुरक्षेचा मुद्दा मांडला" एवढी एक ओळ.

यावर चालणारा उपाय म्हणजे सुरुवातीला गट पाडायला लावणं: बायका वेगळ्या, तरुण वेगळे, वडीलधारे वेगळे. प्रत्येक गटाने अर्ध्या तासात दोन मागण्या ठरवायच्या आणि आपल्यातल्याच एकीने किंवा एकाने त्या मांडायच्या. ऐनवेळी मागितलं तर नकार येतो. वॉर्ड अॅडमिनिस्ट्रेटरला आठवडाभर आधी भेटून हे कबूल करून घ्या, सभेची वेळ आणि जागाही तेव्हाच. बाजाराच्या दिवशी बाजारातच घेतलेल्या सभेला ज्या बायका येतात त्या चीफच्या (स्थानिक सरकारी अधिकाऱ्याच्या) कार्यालयातल्या सभेला कधीच येत नाहीत. आणि सभा संपताना इतिवृत्त मोठ्याने वाचून दाखवायला सांगा. चूक तिथल्या तिथे दुरुस्त होते, नंतर कुणी हात लावत नाही.

दोन-तृतीयांशच्या नियमाबद्दल. कुठल्याही निवडून दिलेल्या सभागृहात एका लिंगाचे सदस्य दोन-तृतीयांशपेक्षा जास्त नसावेत हे खरं. पण राष्ट्रीय संसदेत ते पाळण्याची यंत्रणाच झाली नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली दिलेली २७ ऑगस्ट २०१५ ही मुदत उलटून गेली. सप्टेंबर २०२० मध्ये सरन्यायाधीश डेव्हिड मरागा यांनी राष्ट्राध्यक्षांना संसद बरखास्त करण्याचा सल्ला दिला, तीही बरखास्त झाली नाही. काउंटी असेंब्लीत मात्र कलम १७७ मुळे तूट भरून काढावीच लागते. वॉर्डांतून पुरेशा बायका निवडून आल्या नाहीत, तर पक्षांच्या यादीतून तेवढ्या घेतल्या जातात.

या नामनियुक्त एमसीए (काउंटी असेंब्लीच्या सदस्या) तुमच्या कामाच्या आहेत. त्यांना स्वतःचा वॉर्ड नसतो म्हणून लोक त्यांना मोजत नाहीत, हे मला फार चुकीचं वाटतं. त्या समित्यांवर असतात आणि तिथे त्यांच्या मताची किंमत निवडून आलेल्याइतकीच असते. बजेट समितीवर कोण आहे ते असेंब्लीच्या कार्यालयातून समजेल. त्यांच्यातल्या एकीला फेब्रुवारीच्या आधी बाजारात घेऊन या, संध्याकाळी सातला.

विमेन रेपकडे (काउंटीच्या महिला खासदाराकडे) मात्र काउंटीच्या बजेटसाठी जाऊ नका. ४७ काउंट्यांतून एकेक निवडून येते खरी, पण ती बसते नैरोबीत, राष्ट्रीय असेंब्लीत. काउंटीच्या बजेटवर तिला मत नाही. तसंच वॉर्डातल्या मागण्यांत माध्यमिक शाळेच्या खोल्या किंवा पोलीस चौकी घुसवू नका. ती कामं राष्ट्रीय सरकारची, काउंटी ती करूच शकत नाही, आणि त्यांच्या नावाखाली बाकीची यादीही बाजूला पडते.

तळटीप

कागद मिळवण्याबद्दल लिहितो, कारण "अंदाज अजून छापून आलेले नाहीत" हे उत्तर हमखास ऐकायला मिळतं.

२०१६ च्या माहिती अधिकार कायद्याखाली लेखी अर्ज करा, इंग्रजीत किंवा किस्वाहिलीत. कारण द्यावं लागत नाही. उत्तराची मुदत २१ दिवस, माहिती मोठी असेल तर एकदाच आणखी १४ दिवस. नकार आला किंवा उत्तरच आलं नाही, तर ३० दिवसांच्या आत कमिशन ऑन अॅडमिनिस्ट्रेटिव्ह जस्टिसकडे जा, लोक त्याला ओम्बुड्समन, म्हणजे लोकपाल, म्हणतात. "बजेटची सगळी माहिती द्या" असं लिहू नका. दस्तऐवजाचं नाव, वर्ष, खातं आणि वॉर्ड लिहा.

किनारा, तुमच्यासाठी महत्त्वाचं: हा अधिकार केनियाच्या नागरिकांचा आहे. तुमच्या नावाने किंवा परदेशी संस्थेच्या लेटरहेडवर अर्ज गेला तर तेवढंच कारण देऊन परत येईल. अर्ज आणि निवेदनं मुलींच्या नावाने जाऊ द्या. मतदार त्या आहेत, आणि एमसीएला त्यांच्याकडे दुर्लक्ष करणं तुमच्यापेक्षा महागात पडतं.

जून २०२४ नंतर बऱ्याच तरुणांना हे सगळं निरर्थक वाटतं, ते समजण्यासारखं आहे. करांच्या फायनान्स बिलावर संसदेने लोकांची मतं मागवली होती, तरी २५ जूनला लोकांना रस्त्यावर उतरावं लागलं, त्यात तरुण जिवाला मुकले, आणि दुसऱ्या दिवशी राष्ट्राध्यक्ष रुटो यांनी सही नाकारली. पण लोकसहभाग नुसता उपचार नसावा, खरा असावा, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या तंबाखू खटल्यात स्पष्ट केलेलं आहे. काउंटीविरुद्ध न्यायालयात जायची वेळ आलीच, तर शिक्क्याची ती प्रत हाच तुमचा आधार.

जमाखर्च

एक राहिलं होतं. दिवे बजेटात आले म्हणून वही मिटू नका. प्रकल्प गायब होतात ते वर्षाच्या मधे, पुरवणी बजेटात. राष्ट्रीय तिजोरीतून पैसे उशिरा येतात, काउंटीची स्वतःची वसुली अंदाजापेक्षा कमी भरते, आणि कात्री पहिली विकासकामांना लागते, कारण पगार थांबवता येत नाहीत. तिमाही संपल्यावर महिन्याभरात अंमलबजावणीचा अहवाल असेंब्लीत जायचा असतो. ऑक्टोबर, जानेवारी आणि एप्रिलच्या अखेरीस तो मागून घ्या आणि त्यात तुमच्या ओळीपुढे खर्च किती ते बघा. जानेवारीतही शून्य असेल तर पुरवणी बजेटची वाट न बघता खात्याला लेखी विचारा: निविदा कधी निघणार?

निविदा निघाली की त्याच मुलींना ती भरताही येते. सरकारी खरेदीतला ३० टक्के वाटा तरुण, महिला आणि अपंग यांच्यासाठी राखीव असतो. गटाची नोंदणी, केआरए पिन (करखात्याचा क्रमांक), करपूर्ततेचा दाखला आणि एजीपीओचं (या राखीव खरेदी योजनेचं) प्रमाणपत्र एवढं लागतं. अनामत रकमेऐवजी हमीपत्रावर भागतं. सदस्यांपैकी किमान ७० टक्के त्या वर्गातले हवेत आणि पदाधिकारी सगळेच्या सगळे. खजिनदार म्हणून एखादे काका बसवले असतील तर प्रमाणपत्र अडकेल. बिल निघायला मात्र महिनोन्‌महिने लागू शकतात, तेव्हा उसन्या भांडवलावर मोठी ऑर्डर घेऊ नका. पहिली ऑर्डर गटाला पदरच्या पैशांत पेलेल एवढीच घ्या.

किनारा

ऑगस्टचं निवेदन आता लिहायला घेतो, दिव्यांचं एक, स्वच्छतागृहाचं एक. मोजणी येत्या बाजारापासून. खजिनदार बदलावा लागणार आहे, तो काकाच आहे.