शिमग्याच्या स्मरणिकेत तारखांचे चार साचे: चालेल का?

भाट्येकर: रत्नागिरीकडची कुठलीही शिमगोत्सव स्मरणिका उघडा. पालखीच्या वेळापत्रकात '१३/३/२५', जमाखर्चात '१३-०३-२०२५', मनोगतात 'दि. १३ मार्च २०२५', मुखपृष्ठावर 'फाल्गुन शुद्ध पौर्णिमा, शके १९४६'. माझं मत: एक पुस्तिका, एक साचा, महिना अक्षरीच. '०५/०३' म्हणजे चाकरमान्याला ५ मार्च आणि त्याच्या अमेरिकेतल्या मुलाला ३ मे. पालखी चुकायची की हो!

जुळारी: नाही पटलं. अरुंद रकान्यात 'सप्टेंबर' कोंबलात की ओळ मोडते, तिथे अंकीच हवं. घोळ साच्यांनी होत नाही, एकच तारीख चार ठिकाणी हाताने टाइप केल्याने होतो. लाटेकमध्ये (आज्ञा लिहून पानं मांडायची संगणक प्रणाली) डेटटाइम२ हे तारखांचं पॅकेज, म्हणजे जोडसाधन, घ्या. 'डीटीएमसेव्हडेट' या आज्ञेने तारीख एका नावाखाली एकदाच साठवा, 'डीटीएमयूजडेट'ने हवी तिथे छापा. मजकुराची आणि तक्त्याची शैली 'डीटीएमन्यूडेटस्टाइल'ने वेगवेगळी लिहा. तक्त्याची शैली महिरपी कंसाच्या आतच लावा, नाहीतर पुढची सगळी पानं तीच उचलतात. पालखीचा दिवस बदलला तर एकच ओळ बदलायची.

गुहागरवाली: आणि तिथी? ती तारखेवरून साध्या सूत्राने निघत नाही. २०२५ ची होळी १३ मार्चला, पण त्या दिवशी सूर्योदयाला चतुर्दशी होती. पौर्णिमा लागली सकाळी साडेदहानंतर. शकातही मेख आहे. पाडव्यापासून डिसेंबरअखेर सनातून ७८ वजा, जानेवारीपासून पाडव्यापर्यंत ७९. शिमगा पाडव्याआधी, म्हणून शके १९४६. शक काढायला सरसकट ७८ वजा करणारा मॅक्रो (आपण रचलेली आज्ञा) लिहिलात तर तो बिनदिक्कत १९४७ छापेल.

जुळारी: कबूल. तिथी आणि शक पंचांगात बघून वेगळे साठवा, तारखेवरून काढू नका. मजकुरात '१३' आणि 'मार्च' यांच्यामध्ये न तुटणारी जागा टाका (लाटेकमध्ये टिल्ड), म्हणजे '१३' ओळीच्या टोकाला एकटा लोंबकळत नाही. तक्त्यात '०५' असा दोन अंकी दिवस आणि समान रुंदीचे अंक असलेला फाँट. बऱ्याच देवनागरी फाँटांत '१' अरुंद असतो, मग खालीवर आकडे जुळत नाहीत.

भाट्येकर: एवढा खटाटोप कशाला? वर्ष तक्त्याच्या मथळ्यात एकदा घाला, रकान्यात '१३ मार्च' आरामात बसतं. शिमग्याच्या वेळापत्रकात 'सप्टेंबर' येतोच कुठून? फक्त महिन्यांचे संक्षेप करू नका. 'ऑ.' म्हणजे ऑगस्ट की ऑक्टोबर?

जुळारी: वेळापत्रकाचं ठीक. पण जमाखर्चात वर्षभराच्या वर्गण्या असतात, सप्टेंबरच्यासुद्धा. तिथे काय करणार?