४० मिनिटांत माळ बघून होतो का? (फेरीचं अ‍ॅप विरुद्ध वही)

माळावरचा_मास्तर
परवा गट_नं_२१४ यांनी पोस्ट टाकली. सोलापूरजवळच्या मार्डीकडच्या आपल्या २३ एकर माळाची फेरी ४० मिनिटांत आटोपली, १२ फोटोपॉइंट (दर वेळी त्याच जागेवरनं त्याच दिशेचा फोटो काढायच्या ठरलेल्या जागा) झाले, ट्रॅक आणि रिपोर्ट अ‍ॅपनं आपोआप काढला, आता वही बंद, "ज्येष्ठांनी मनावर घेऊ नये". ज्येष्ठांनी मनावर घेतलंय. लांबड लागणार आहे, ज्यांना वेळ नाही त्यांनी पुढं सरकावं.

४० मिनिटं! अहो तेवढा वेळ तर आमचा मालकांच्या वस्तीवर चहात जातो, आणि निम्मी फेरी त्या चहातच होते. रात्री कुत्री कुठल्या अंगाला भुंकली, ट्रॉलीचा आवाज कधी आला, काळवीट हौदावर यायचे का थांबले, हे तुमच्या कुठल्या रकान्यात बसतं? मालकांनी हा माळ मोडायचा नाही असं २००९ ला ठरवलं तेव्हापासून वर्षातनं दोनदा, पाऊस सरल्यावर एकदा आणि भर उन्हाळ्यात एकदा, मी वही घेऊन चाललोय. गेल्या नोव्हेंबरात उत्तरेच्या दगडापाशी मोज्यातली कुसळं काढत बसलो होतो, चांगली दहा मिनिटं. हातभरावर एक ढेकूळ होतं. ते उडालं. रातवा पक्षी होता. कुसळं काढायला बसलो नसतो तर त्याच्यावर पाय देऊन पुढच्या फोटोपॉइंटला गेलो असतो.

आणि मला फोन वापरता येत नाही असं समजू नका, अ‍ॅप मी उघडून बघितलंय. "झाडे : वाढली / घटली / तशीच." गवताचं नावच नाही. माळाची फेरी करायची आणि गवत विचारायचं नाही, म्हणजे सोयरीक ठरवायला जाऊन मुलगी न बघता मांडव मोजून परत यायचं. शिवाय फोटो नं. ७ वर "उत्तर" असं छापलंय आणि फोटोत मोबाईल टॉवर दिसतोय. तो टॉवर पश्चिमेला आहे हे मार्डीचं शेंबडं पोर सांगेल.

गट_नं_२१४
मास्तर, तुमचा मान आहेच, पण आता जरा ऐका. २०१७ ची वही कुठंय? उंदरांनी खाल्ली. २०२० ची? "पुतण्याकडे असेल." म्हणजे माळाचा इतिहास एका पत्र्याच्या ट्रंकेत, आणि ट्रंकेची किल्ली तुमच्याकडे.

दक्षिणेच्या कोपऱ्यातनं मुरूम चोरीला गेला तेव्हा काय झालं ते सांगतो, नवीन लोकांना माहिती नाही. तुमच्या वहीत काय होतं? "दक्षिणेला जरा उकरल्यासारखं वाटतं." जरा म्हणजे किती? वाटतं म्हणजे काय? "वाटतं" वर पंचनामा होत नसतो. माझ्या फोनमध्ये त्याच जागेचा, त्याच दिशेचा फेब्रुवारीतला फोटो होता आणि मे मधला होता, दोन्हीवर तारीख, वेळ, अक्षांश रेखांश. पहिल्यात सपाट, दुसऱ्यात माझ्या छातीएवढा खड्डा आणि टायरचे वळ. ते दोन कागद समोर ठेवले तेव्हा माणसं जागची हलली. मुरूम म्हणजे गौण खनिज, चोरलं तर बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड असतो, तो काय रातवा उडाला म्हणून लागत नाही.

२०१८ च्या व्याघ्रगणनेत वनरक्षकांनी एम-स्ट्राइप्स अ‍ॅपवर नोंदी केल्या, सगळा देश केला, आपण २३ एकराला वही घेऊन बसायचं? आणि नेट नसतं हे कारण नको, जीपीएसला नेट लागत नाही, नकाशा घरनं उतरवून न्यायचा. माळावर तर वर नुसतं आभाळ, झाड ना इमारत, जीपीएसला याच्यापेक्षा चांगली जागा नाही.

फोटो ७ चं बघतो. कुंपणाच्या लोखंडी अँगलपाशी उभा होतो, त्यानं होकायंत्र फिरलं असेल.

बांधकरी
आभाळ मोकळं असलं तरी फोनचा जीपीएस पाचेक मीटर इकडंतिकडं होतोच की दादा. २०० मीटर बांधाला ५ मीटर म्हणजे हजार चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ १० गुंठे, पाव एकर. सोलापूर जिल्ह्यात १० गुंठ्यावर काय काय होतं ते मी सांगायला नको. आमचा शेजारी दोन वर्षामागं मोबाईल हातात धरून आला, निळा ठिपका दाखवून म्हणला तुमची लिंबं माझ्या रानात. चांगला दोन महिने अबोला. शेवटी पैसे भरून सरकारी मोजणी आणली तर खुणेचा दगड होता तिथंच निघाला, आणि लिंबं आमचीच. आज पण तो ठिपका दाखवतो लोकाला. फोटो काढा, खड्डे मोजा, पण ते अ‍ॅप "बाउंड्री" म्हणून जी लाल रेघ मारतं ना ती रिपोर्टमधनं काढा, नाहीतर एक दिवस कुणीतरी ती घेऊन कोर्टात जाईल.

चंडोलताई
दोघांनाही एक विचारायचंय. त्या रिपोर्टची लिंक ग्रुपवर टाकली होती, ती कुणालाही उघडता येत होती, बघितलं का कुणी? त्यात फोटो ९ ला "लांडग्याची गुहा?" असं लिहून अक्षांश रेखांश पाच दशांशापर्यंत दिलेत. पाच दशांश म्हणजे मीटरभर!! मी मागं एकदा हीच चूक केलीय म्हणून सांगते. दुसऱ्या एका माळावर पिल्लांचा फोटो टाकला, जागा लिहिली नव्हती पण फोटोसोबत लोकेशन गेलं. दुसऱ्या रविवारी सात गाड्या. एकानं तर घळीच्या तोंडाशी बोनेट नेऊन लावलं होतं. मादीनं रातोरात पिल्लं हलवली, त्यातली किती जगली माहीत नाही. त्या दिवसापासून मी फोनचं लोकेशन बंद ठेवते.

आयनॅचरलिस्टवर (निसर्गनोंदींची वेबसाइट) संकटातल्या प्राण्याची नोंद टाकली तर ते खरी जागा लपवतं, साधारण २० किलोमीटरच्या चौकोनात कुठंतरी ठिपका दाखवतं. तुमच्या अ‍ॅपात आहे का तशी सोय? नसेल तर मास्तरांची ट्रंक परवडली, किमान उंदीर गाडी घेऊन येत नाहीत.

गट_नं_२१४
लिंक बंद केली आत्ताच. हे आधी फोन करून सांगितलं असतं तर बरं झालं असतं ताई.

चंडोलताई
मंगळवारी मेसेज केला होता. निळी टिक आलीय.

मेंढका
राम राम. मी त्याच शिवारातला हाय, मास्तर वळखतेत. माजं वेगळंच गाऱ्हाणं हाय. त्या रिपोटात आमची मेंढरं फोटोत आली तर खाली लाल ठिपका, "अतिक्रमण". आमच्या आज्यापासनं दिवाळीनंतर त्या माळावर मेंढरं बसत्यात, मालकाच्या परवानगीनं बसत्यात, लेंडी पडती ती काय अ‍ॅपला दिसत न्हाई. आन दक्षिणेला ती उंदीरमारी हातभराची पुरुषभर झालीया, तितं हिरवा ठिपका, "झाडे वाढली". म्हंजे गवत खाऊन खत देणारा चोर आन गवत मारणारा पाहुणा. काय कराल्यात ओ तुमी?

शेंगाचटणी
उंदीरमारी म्हणजे गिरीपुष्प ना? त्यात वाईट काय आहे? सोलापुरात मे मध्ये ४४ डिग्री होतं, मोदीखान्यापासून विजापूर रोडपर्यंत सावलीला झाड सापडत नाही, आणि इथं लोक झाड वाढलं म्हणून रडतायत. पाला खत म्हणून चालतो, वाढतं पटकन. २०१९ ला ३३ कोटी लावायचं ठरलं त्यात आमच्या कॉलेजनं पण खड्डे मारलेत, हाताला फोड आले होते. माळ नुसता पिवळा पडलेला असतो आठ महिने. अ‍ॅपनं हिरवा ठिपका दिला तर बरोबरच दिला.

माळावरचा_मास्तर
आठ महिने पिवळा असतो म्हणूनच तो माळ आहे हो! उन्हाळ्यात वाळतो, जूनमध्ये मुळातनं उठतो, ऑक्टोबरात पवन्या आणि कुसळी कमरेएवढी होते. हेच चाललंय हजारो वर्षं. तुम्हाला हिरवंच पाहिजे तर उसात जाऊन उभे राहा.

१९७२ च्या दुष्काळानंतर अवर्षणप्रवण योजनेत नान्नजला चाऱ्यासाठी म्हणून गवताचे तुकडे कुंपण घालून राखले, त्या गवतावर माळढोक टिकला, झाडावर नाही. म्हणून १९७९ ला अभयारण्य झालं. माळढोकाला चार दिशा मोकळ्या लागतात, तो चालणारा पक्षी, दाट झाडी आली की गेलाच. आणि त्याच पट्ट्यात आपण शहाण्यांनी गिरीपुष्प लावलं. तोडलं की बुंध्यातनं चार फुटवे. खाली गवताची काडी येत नाही. सरकारी नकाशात माळ म्हणजे पडीक, आणि पडीक दिसलं की खड्डा मारायचा हात शिवशिवतो.

शेंगाचटणी
माळढोकाचं नाव काढू नका प्लीज. आमच्या मामाचा प्लॉट त्या अभयारण्याच्या ८४९६ चौरस किलोमीटरात अडकला होता, ना विकता येईना ना एनए होईना, पक्षी एक पण बघितला नाही त्यांनी जन्मात. पुढं अभयारण्य १२२२ वर आणलं तेव्हा सुटले, तोपर्यंत मामांच्या पोरीचं लग्न कर्ज काढून झालं. तुमच्यासारखे पेन्शनवाले बायनाक्युलर लावून रविवारी येणार, आणि भोगायचं आम्ही.

माळावरचा_मास्तर
पेन्शन माझी आहे, तुमच्या मामाच्या खिशातनं नाही आली. तोंड सांभाळून लिहा.

कुसळ
झालं का सुरू. फेरीचा धागा होता हा. जाता जाता, शेंगाचटणी भाऊ, तुमच्या कॉलेजनं लावलेल्यातली किती जगली? आम्ही पण लावली होती. खड्ड्यासोबत सेल्फी, अ‍ॅपवर अपलोड, टाळ्या. पुढच्या जूनला त्याच खड्ड्यात परत नवीन रोप, परत फोटो. अ‍ॅपवर दोन झाडं, माळावर एक खड्डा.

शेंगाचटणी
... आमच्याकडं पण तेच झालं. पण म्हणून सगळी झाडं वाईट होत नाहीत.

मेंढका
झाडं वाईट म्हणलंच न्हाई कोण. बोर हाय, बाभळ हाय, हिवर हाय, ती मधनंमधनं आमाला पण लागत्यात, शेंगा पडत्यात, मेंढरं खात्यात. ती माळाचीच हाईत. उंदीरमारीचं सांगालोय मी. नावातच हाय की उंदरं मारायला वापरत्यात, आन उंदीर मेल्यावर खोकाड काय खाईल, गरुड काय खाईल?

चंडोलताई
मेंढकादादा, झाड नुसतं उभं असल्यानं उंदीर मरत नाहीत, बी-साल शिजवून धान्यात मिसळून घालतात, तेव्हा. पण खोकड कमी झालेत हे खरंय, कारण वेगळं असेल. गवतच नाही तर उंदीर तरी कुठनं राहणार.

मेंढका
मंग मी काय येगळं बोललो?

गट_नं_२१४
मी परत मूळ मुद्द्यावर येतो, येऊ दिलं तर. मेंढरांचा लाल ठिपका चुकलाच, ती यादी तयारच आली होती, आम्ही तशीच वापरली. ज्यांनी बनवली त्यांच्याकडं जंगल असेल, माळ नसेल. रकाने बदलता येतात. "चराई : परवानगीनं / बाहेरची" असं केलं, "गवत : उंची, कुठलं, फुलोरा आलाय का" असं घातलं. आता मास्तर, गवताची यादी तुम्हीच द्यायची, मला पवन्या आणि मारवेल सारखंच दिसतं.

फोटो ७. लोखंडी अँगल नव्हता. फोनच्या कव्हरच्या झाकणात लोहचुंबक आहे, बायकोनं दाखवून दिलं. झाकण मागं दुमडून फोटो काढला की काटा फिरतो. म्हणजे १२ च्या १२ फोटोंची दिशा बोंबललीय. झालं समाधान?

माळावरचा_मास्तर
वहिनींना नमस्कार सांगा. त्यांनाच न्या पुढच्या फेरीला.

मुरमाचं म्हणाल तर ते दोन फोटो नसते तर आज तिथं शेततळं झालं असतं, हे मी तेव्हाही मान्य केलं होतं, मोठ्यानं केलं नव्हतं एवढंच. पण तो मे मधला फोटो काढायला तुम्ही कशामुळं गेलात? मालकांच्या घरच्यांनी चहा देताना सांगितलं की रात्री ट्रॉल्या जातायत, मी वहीत लिहिलं, तुम्हाला फोन केला, मग तुम्ही गाडी काढली. तारखा तपासा. वही आधी, फोन नंतर.

गट_नं_२१४
तपासल्या. एक दिवस आधी वही. बरं. पण "जरा उकरल्यासारखं" हे लिहिणं सुधारा, पावलं तरी मोजा.

बांधकरी
आणि ती लाल रेघ?

गट_नं_२१४
काढतो ओ. खुणेच्या दगडांचे फोटो तेवढे ठेवतो, रेघ नाही.

कुसळ
फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवू नका कुणी, साइज कमी करताना त्यातली तारीख-लोकेशन सगळं गळतं, मागच्या वेळी निम्मे फोटो त्यात वाया गेले. केबलनं द्या. आणि एप्रिल-मे ची फेरी सकाळी सातच्या आत, गेल्या वर्षी साडेदहाला माझा फोन "तापमान जास्त आहे" म्हणून बंद पडला, नंतरचे पाच पॉइंट मास्तरांच्या वहीच्या पाठच्या पानावर आहेत.

माळावरचा_मास्तर
ते पान आहे. उंदरांनी खाल्लेलं नाही.

चंडोलताई
लांडगा, घरटी, बिळं अ‍ॅपमध्ये टाकायची नाहीत, फक्त वहीत. हे ठरलं असेल तरच मी येते.

गट_नं_२१४
ठरलं. रविवार, पावणेसहा, पुणे नाका. दोन गाड्या. कोयते पण घ्या, दक्षिणेची उंदीरमारी मालकांनी काढायला सांगितलीय.

शेंगाचटणी
मी येतो. झाडं तोडायला नाही, बघायला.

मेंढका
बघाच येऊन. नुसतं तोडून भागत न्हाई, बुडखा खणून काढावा लागतोय, कुदळ माज्याकडं हाय. सरपण आमी नेनार, आधीच सांगतो, मागनं फोटो काढून लाल ठिपका द्याचा न्हाई.